चीनवरची खुली व्याख्यानं: कुठली ऐकावीत, काय विचारावं आणि आपल्याकडे भरवायची तर कशी?

निळीशाई
मंडळी, चीनचं राजकारण आणि परराष्ट्र धोरण यांवरच्या जाहीर व्याख्यानांचं सध्या पेव फुटलंय. विद्यापीठं, अभ्याससंस्था, निवृत्त अधिकाऱ्यांचे मंच, सगळीकडे चालू आहे. बहुतेक फुकट, बहुतेक ऑनलाइन. पण त्यातली बरीचशी एकाच साच्यातली: पोस्टरवर लाल ड्रॅगन, पाऊण तास भाषण, शेवटी 'वेळेअभावी दोनच प्रश्न घेऊ'.
तर प्रश्न असे. नियमित चालणाऱ्या आणि वेळ सार्थकी लावणाऱ्या मालिका कोणत्या? वक्ता माहितीवर बोलतोय की अंदाजपंचे, हे श्रोत्याने कसं ओळखायचं? आणि आमच्या महाविद्यालयाच्या राज्यशास्त्र विभागात अर्ध्या दिवसाचं खुलं चर्चासत्र घ्यायचं घाटतंय (विषय 'भारत-चीन संबंध: काल, आज आणि उद्या'), तर काय काय सांभाळावं?

चार्ल्सकाठ
पहिल्या प्रश्नापुरतं.
हार्वर्डचं फेअरबँक सेंटर. १९५५ पासूनची संस्था. त्यांच्याकडे चीनपुढच्या कळीच्या प्रश्नांवर एक व्याख्यानमाला चालते, ती चीन-जपानचे अभ्यासक एझ्रा व्होगेल यांनी उभी केली. बरीच व्याख्यानं नंतर यूट्यूबवर येतात.
लंडनला सोआसची (आशिया-आफ्रिकेच्या अभ्यासासाठीचं तिथलं महाविद्यालय) चायना इन्स्टिट्यूट: सत्र चालू असताना नियमित चर्चासत्रं, आणि चिनी कम्युनिस्ट पक्षाच्या अंतर्गत राजकारणावर तिथे चांगलं ऐकायला मिळतं.
न्यूयॉर्कची अमेरिका-चीन संबंधांवरची राष्ट्रीय समिती (१९६६ ची) दर वर्षी 'चायना टाउन हॉल' करते. एक मुख्य वक्ता सगळीकडे पडद्यावर आणि त्याच दिवशी गावोगावच्या विद्यापीठांत, ग्रंथालयांत स्थानिक वक्ता. अमेरिकेतल्या मराठी मंडळींनी आपल्या गावात केंद्र आहे का ते बघावं, शिष्टाचाराचा फार बाऊ नसतो.
दिल्लीत इन्स्टिट्यूट ऑफ चायनीज स्टडीजचं बुधवारचं चर्चासत्र. संस्थेचं मूळ १९६९ च्या चायना स्टडी ग्रुपमध्ये. इथे अध्यक्ष नुसता हारतुऱ्यांपुरता नसतो आणि समोर बसलेले लोक वक्त्याला सोडत नाहीत. माझ्या मते आपल्या लोकांनी सुरुवात इथूनच करावी.

पेठेतला_पाहुणा
मुंबईत गेटवे हाउस आणि पुण्यात पुणे इंटरनॅशनल सेंटर विसरलात. तिथला भर अर्थकारण आणि धोरण यांवर जास्त. पक्षाच्या आतलं राजकारण हवं असेल तर दिल्लीचं सत्र बरं.

खडूसराव
नावं ठीक, पण विद्यापीठाचा कार्यक्रम आणि धोरण-संस्थेचा कार्यक्रम एका पारड्यात तोलू नका. विद्यापीठात वक्ता आपला चालू शोधनिबंध मांडतो. कंटाळवाणं असतं, पण 'हे मी अमुक कागदांवरून म्हणतोय' असं सांगणं त्याला भाग असतं. धोरण-संस्थेत त्याला मंत्रालयांनी काय करावं ते सांगायचं असतं, पुरावा आधीच्या अहवालात गेलेला असतो. दोन्ही ऐकावं, पण पहिल्यात विचारायचा प्रश्न दुसऱ्यात विचारू नये.
चीनमधल्या संस्थाही एका माळेचे मणी नाहीत. सीआयसीआयआर ही आंतरराष्ट्रीय संबंधांची अभ्याससंस्था राज्य सुरक्षा मंत्रालयाशी (म्हणजे गुप्तचर खात्याशी) जोडलेली, सामाजिक शास्त्रांची अकादमी थेट मंत्रिमंडळाखाली. पोस्टरवर नुसतं 'बीजिंगचे तज्ज्ञ' लिहिलं की झालं, असं नसतं.

घड्याळजी
वेळेचा घोळ सगळ्यात जास्त होतो म्हणून लिहून ठेवतो.
बॉस्टनचं (म्हणजे हार्वर्डचं) दुपारी १२.३० म्हणजे उन्हाळ्यात आपले रात्रीचे १०, हिवाळ्यात ११. लंडनचे संध्याकाळचे ५ म्हणजे उन्हाळ्यात रात्री ९.३०, हिवाळ्यात १०.३०. हाँगकाँग-बीजिंग वर्षभर आपल्यापुढे अडीच तास.
गोची कुठे होते? अमेरिका घड्याळ बदलते मार्चच्या दुसऱ्या रविवारी आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी. ब्रिटन मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी. मधल्या दिवसांत एकाचं घड्याळ सरकलेलं असतं, दुसऱ्याचं नाही. निमंत्रणात 'ईएसटी' (अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्याची हिवाळी वेळ) असं सवयीने बारा महिने छापलेलं असतं, त्यावर जाऊ नका. नोंदणीच्या मेलमधली कॅलेंडर फाइल उघडा, ती शहरावरून वेळ काढते.

गप्पीदास
म्हणजे चीनचं धोरण समजायच्या आधी अमेरिकेचं घड्याळ समजायला हवं. अवघड आहे.

रेशीमवाट
दुसरा प्रश्न जास्त महत्त्वाचा आहे. माझ्या मते श्रोत्याकडे एकच हुकमी प्रश्न असतो: 'हे तुम्हाला कशावरून कळलं?'
उदाहरण घ्या. छिन गांग चीनचे परराष्ट्रमंत्री होते. २५ जून २०२३ नंतर ते जाहीरपणे दिसले नाहीत आणि २५ जुलैला त्यांना काढलं. एवढं पक्कं. मध्ये ११ जुलैला प्रवक्त्याने 'प्रकृतीच्या कारणामुळे' ते आसियान या आग्नेय आशियाई देशांच्या संघटनेच्या बैठकीला जाणार नाहीत असं सांगितलं आणि मंत्रालयाच्या संकेतस्थळावर चढलेल्या इतिवृत्तातून नेमकं तेच वाक्य गळलं. हेही पक्कं, कारण पत्रकार समोर बसले होते. आता हकालपट्टीचं कारण काय, यावर तेव्हा झालेली व्याख्यानं काढून ऐका. चांगला वक्ता म्हणतो: 'हे दिसलं, हे छापलं, हे गाळलं, आणि यापुढे माझा तर्क.' वाईट वक्ता थेट शी चिनफिंग यांच्या मनात शिरतो.
व्याख्यानाला जाण्यापूर्वी अर्धा तास असेल तर दोन गोष्टी बघा. चिनी परराष्ट्र मंत्रालयाच्या कामकाजाच्या दिवशी होणाऱ्या पत्रकार परिषदेचं इतिवृत्त (इंग्रजीत मिळतं), आणि विषय द्विपक्षीय भेटीचा असेल तर दोन्ही देशांची निवेदनं शेजारी-शेजारी ठेवून. एकात आहे आणि दुसऱ्यात नाही अशा ओळीला खूण करा. तीच तुमची प्रश्नाची जागा.

खडूसराव
रेशीमवाट यांच्याशी तत्त्वतः सहमत, पण या प्रश्नाने हल्ली वक्त्यावर अन्यायही होतो. पुरावा मिळण्याच्या वाटाच बंद होतायत. १ एप्रिल २०२३ पासून सीएनकेआय या चिनी शोधनिबंधांच्या भांडाराचे काही विभाग परदेशी ग्रंथालयांना बंद झाले: प्रबंध, परिषदांची इतिवृत्तं, सांख्यिकी वार्षिकं. न्यायालयीन निवाड्यांच्या सरकारी संकेतस्थळावरूनही कितीतरी निवाडे काढले गेलेत. चिनी पंतप्रधानांची मार्चमधली पत्रकार परिषद ही तीस वर्षांची रीत होती, ती २०२४ पासून बंद. मग बिचारा वक्ता सांगणार तरी कशावरून?

रेशीमवाट
म्हणून तर विचारायचं. 'मला दिसत नाही' हे उत्तरही उपयोगाचं असतं. कुठली खिडकी कधी बंद झाली हे त्यातून कळतं.

माचीवरून
तर्कालाही पायऱ्या असतात, सगळंच ज्योतिष नाही. चिनी कम्युनिस्ट पक्षाच्या विसाव्या अधिवेशनात (ऑक्टोबर २०२२) निवडलेली केंद्रीय समिती २०५ पूर्ण सदस्यांची, तिच्यातून निवडलेलं पॉलिटब्यूरो २४ जणांचं, आणि त्यातली सर्वोच्च स्थायी समिती ७ जणांची. कोण कुठल्या बैठकीला गैरहजर, कोणाचं नाव कोणाच्या आधी छापलं, रिकाम्या जागी कोणाला बढती मिळाली, हे मोजता येतं. मोजून सांगणारा आणि 'सूत्रांकडून कळतं' म्हणणारा यांत फरक करायला हवा एवढंच.

गप्पीदास
आमच्याकडे सोसायटीच्या वार्षिक सभेतही कोण कुठे बसलं यावरून पुढचा सेक्रेटरी ओळखतात. मंडळी विनाकारण हार्वर्डला गेली.

सहीशिक्का
प्रश्न कसा विचारायचा यावर: तीस सेकंद, एक प्रश्न, आधाराला एक कागद (निवेदन, करार असं काही). नमुना देतो.
'ऑगस्ट २०२३ मध्ये जोहान्सबर्गला मोदी आणि शी यांची भेट झाली. भारताच्या परराष्ट्र सचिवांनी सांगितलं की सैन्य मागे घेण्याला आणि तणाव कमी करण्याला वेग द्यायचं ठरलं. चिनी निवेदनात भेट भारताच्या विनंतीवरून झाली असं होतं, आणि दिल्लीतल्या सूत्रांनी ते नाकारलं. या फरकाचा ऑक्टोबर २०२४ च्या सीमेवरच्या गस्तीच्या समझोत्याशी तुम्ही काय संबंध लावता?'
यावर वक्त्याला 'दोन प्राचीन संस्कृती' म्हणत निसटता येत नाही.
ऑनलाइन असेल तर प्रश्न चॅटमध्ये नको, प्रश्नोत्तराच्या खिडकीत टाका आणि पहिल्या पंधरा मिनिटांत टाका. सूत्रधार वरून खाली वाचत जातो, शेवटी आलेल्या प्रश्नांपर्यंत पोचतच नाही.

पेठेतला_पाहुणा
आणि 'माझा प्रश्न नाही, एक छोटंसं निवेदन आहे' म्हणून १९६२ पासून सुरू करणाऱ्या काकांचं काय?

सहीशिक्का
त्यांना हातात माइक द्यायचा नाही. स्वयंसेवकाने माइक स्वतः धरायचा आणि श्रोत्यापुढे करायचा. सगळं तंत्र त्यात आलं.

दर्यावर्दी_गोवेकार
रच्याकने, चॅटम हाउस नियमाबद्दल (लंडनच्या त्या नावाच्या अभ्याससंस्थेचा, बंद सभांसाठीचा) गैरसमज फार. लोकांना वाटतं, त्या नियमाखाली ऐकलेलं बाहेर बोलायचंच नाही. तसं नाही. ऐकलेली माहिती खुशाल वापरा. कोण बोललं, ते कुठल्या संस्थेचे, आणि सभेला आणखी कोण होतं, हे उघड करायचं नाही. नियम १९२७ चा. यूट्यूबवर थेट प्रक्षेपण चालू असताना सुरुवातीला हा नियम जाहीर करणाऱ्या सूत्रधारांना साष्टांग दंडवत.

सहीशिक्का
हो, आणि त्याचा सोपा तोडगा आहे: भाषण रेकॉर्ड करा, प्रश्नोत्तरं रेकॉर्ड करू नका. निमंत्रणातच तसं छापा.

माचीवरून
आता तिसरा प्रश्न, चर्चासत्र भरवणं. धागाकर्त्यांनी नकाशाचा विचार केलाय का? सगळ्यात आधी तो करा.
परदेशी वक्त्याच्या स्लाइडवरच्या नकाशात भारताची सीमा हमखास तुटक रेषांनी, वादग्रस्त म्हणून दाखवलेली असते. भारतात सर्व्हे ऑफ इंडियाशी न जुळणारा भारताचा नकाशा प्रसिद्ध करणं हा १९६१ च्या फौजदारी कायदा दुरुस्ती अधिनियमाखाली गुन्हा आहे, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही. सभागृहातून कुणी मोबाइलवर फोटो काढून समाजमाध्यमावर टाकला की तुमचं चर्चासत्र बाजूलाच राहतं आणि प्राचार्यांना खुलासे देत बसावं लागतं.
म्हणून: स्लाइड्स चार दिवस आधी मागवा. भारताची सीमा दिसणारी प्रत्येक स्लाइड वेगळी काढा. आपल्याकडची अडचण वक्त्याला मेलवर स्पष्ट लिहा आणि सर्व्हे ऑफ इंडियाचा नकाशा पाठवा. वक्ता तयार नसेल तर नकाशाच काढून टाका, लडाखमधली देपसांग किंवा देमचोकसारखी ठिकाणं शब्दांत सांगता येतात. चीनच्या दाव्याचा नकाशा, म्हणजे ऑगस्ट २०२३ मध्ये त्यांनी प्रसिद्ध केला तसला, चर्चेला हवा असेल तर तो दाखवू नका, त्याचं वर्णन करा.
आकड्यांचंही तसंच. प्रत्यक्ष ताबा रेषा भारताच्या लेखी ३,४८८ किमी, चीनच्या लेखी साधारण २,००० किमी. कुणाचा आकडा आहे ते स्लाइडवर लिहिलेलं असावं.

निळीशाई
नकाशाचं डोक्यात आलंच नव्हतं. मंजुऱ्यांचं काय? चिनी प्राध्यापकांना ऑनलाइन बोलावता येतं ना?

सहीशिक्का
तुमची संस्था सरकारी अनुदानित असेल तर प्राचार्यांकडून लेखी घ्या, तोंडी होकार पुरत नाही. १५ जानेवारी २०२१ ला शिक्षण मंत्रालयाने पत्रक काढलं होतं: सुरक्षा, सीमा, ईशान्य भारत, जम्मू-काश्मीर, लडाख किंवा 'अंतर्गत बाबी' अशा विषयांवर आंतरराष्ट्रीय ऑनलाइन परिषद असेल तर आधी परवानगी. देशभरच्या शास्त्रज्ञांनी आणि प्राध्यापकांनी आक्षेप घेतला, फेब्रुवारीअखेर ते मागे घेतलं गेलं. पण कार्यालयांत ते पत्रक अजून फायलीला लावलेलं असतं आणि कुणीतरी ते काढून दाखवतं. मागे घेतल्याचं पत्रही सोबत ठेवा.
प्रत्यक्ष बोलवायचं असेल तर पर्यटक व्हिसावर अजिबात नको. परिषदेसाठी व्हिसाचा वेगळा प्रकार आहे, त्याला निमंत्रणपत्र आणि केंद्राच्या मंजुऱ्या लागतात. यात महिने जातात, आठवडे नाही.
प्रायोजक परदेशी प्रतिष्ठान किंवा दूतावास असेल तर परदेशी देणगी कायदा आडवा येतो. नोंदणी किंवा पूर्वपरवानगी नसेल तर पैसे घेऊच नका, 'चहापाण्याचा खर्च तेच करणार आहेत' हेसुद्धा हिशेबनिसाला आधी विचारा.

खडूसराव
चिनी वक्ता बोलावून मिळणार काय? 'दोन्ही देशांनी सीमाप्रश्न योग्य जागी ठेवून संबंध पुढे न्यावेत' हेच ना? ते संकेतस्थळावर वाचता येतं.

रेशीमवाट
इथे मात्र असहमत. अधिकृत भूमिका कुठे ताणली जाते आणि कुठे नाही, हे समोरासमोरच्या उलटतपासणीतच दिसतं. 'योग्य जागी' म्हणजे कुठे, आणि सीमेवर शांतता हाच संबंधांचा पाया ही भारताची भूमिका तुम्ही कशी ऐकता, असं अध्यक्षाने विचारलं तर उत्तराचा रोख कळतो. त्यासाठी अध्यक्ष तयारीचा हवा, हारतुरेवाला नको.

चार्ल्सकाठ
वक्त्याची आणि श्रोत्यांची सुरक्षितता हा मुद्दा राहिलाच. जून २०२० मध्ये तियानानमेन चौकातल्या १९८९ च्या हत्याकांडाच्या स्मरणार्थ अमेरिकेतून घेतलेल्या झूम सभा कंपनीने चीनच्या सांगण्यावरून बंद केल्या, यजमानांची खातीही गोठवली. नंतर खाती परत दिली, आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये अमेरिकेच्या न्याय खात्याने कंपनीच्या चीनमधल्या एका अधिकाऱ्यावर गुन्हा नोंदवला. ३० जून २०२० ला लागू झालेल्या हाँगकाँगच्या सुरक्षा कायद्याचं ३८ वं कलम परदेशात, परदेशी माणसाने केलेल्या कृतीलाही लागू होतं.
तेव्हा चिनी किंवा हाँगकाँगचे विद्यार्थी ऐकत असतील तर वेबिनारचा प्रकार निवडा, म्हणजे श्रोत्यांना एकमेकांची यादी दिसत नाही. निनावी प्रश्नांची सोय चालू करा. सहभागींचा स्क्रीनशॉट काढून 'उदंड प्रतिसाद' म्हणून टाकू नका. हा शेवटचा मोह आपल्याकडे भलताच अनावर असतो.

पेठेतला_पाहुणा
दडपणाबद्दल बोलतोच आहोत तर २०१४ ची ब्रागाची गोष्ट इथे हवीच. पोर्तुगालात युरोपीय चीन-अभ्यासकांची परिषद. कार्यक्रमपत्रिका छापून तयार. कन्फ्यूशियस संस्थांच्या (परदेशांत चिनी भाषा शिकवणाऱ्या, चीन सरकारच्या) मुख्यालयाच्या प्रमुख आल्या आणि त्यांच्या सांगण्यावरून पत्रिकेतली पानं फाडून काढली गेली, कारण त्यांवर तैवानच्या एका प्रतिष्ठानाचा सहप्रायोजक म्हणून उल्लेख होता. यजमान संघटनेने मग फाटलेली पानं पुन्हा छापून सगळ्यांना वाटली.
तीन वर्षांनी केंब्रिज विद्यापीठाच्या प्रकाशनाने चीनमधल्या वाचकांसाठी चायना क्वार्टर्ली या शोधनियतकालिकातले तीनशेहून जास्त मजकूर बंद केले. ओरड झाल्यावर काही दिवसांत परत उघडले.

खडूसराव
आपल्याही पायाखाली बघा. २०१८ ला दिल्लीत आशिया-अभ्यासकांची मोठी आंतरराष्ट्रीय परिषद झाली, तिला पाकिस्तानी अभ्यासकांना व्हिसा मिळाले नाहीत. फाडलेलं पान निदान दिसतं, न आलेला माणूस कार्यक्रमपत्रिकेत दिसतही नाही.

गप्पीदास
धागा आता काश्मीरला पोचणार. मी चहा घेऊन येतो.

दर्यावर्दी_गोवेकार
परत वळा. दुभाष्याचं कुणी बोललं नाही. चिनीतून बोलणारा वक्ता आणि टप्प्याटप्प्याने भाषांतर असेल तर वेळ दुप्पट लागतो. चाळीस मिनिटांच्या भाषणात वीस मिनिटांचाच मजकूर बसतो. समांतर भाषांतर हवं तर दुभाषे दोन लागतात, वीस-तीस मिनिटांनी आलटून पालटून, आणि भाषणाचा मसुदा त्यांना आधी द्यावा लागतो. झूमवर भाषांतराची सोय खात्याच्या सेटिंगमध्ये सभा ठरवण्याआधी चालू करा, ऐन वेळी ती सापडत नाही. आणि क्लाउड रेकॉर्डिंगमध्ये सहसा मूळ आवाजच येतो, दुभाष्याचा नाही. मराठी किंवा इंग्रजी आवाज हवा असेल तर कुणीतरी ती वाहिनी लावून आपल्या संगणकावर वेगळं रेकॉर्ड करायचं.

निळीशाई
सगळं टिपून घेतलं. आता विषयाचं सांगा. 'काल, आज आणि उद्या' ठेवावं की बदलावं? वक्ते तिघे डोक्यात आहेत, तिघेही निवृत्त लष्करी अधिकारी.

माचीवरून
दोन्ही बदला. तिघे एकाच पेशाचे असले की एकच भाषण तीनदा होतं. लष्करी अधिकारी एक, त्यांना भूभाग आणि गस्तीचं कामकाज कळतं. विजय गोखले यांच्यासारखे चीनमध्ये राजदूत राहिलेले मुत्सद्दी वाटाघाटीच्या टेबलाबद्दल बोलू शकतात, त्या जातकुळीतलं एक. आणि तिसरा चिनी वाचू शकणारा अभ्यासक, हा अट्टाहास सोडू नका. पुणे विद्यापीठाच्या संरक्षण व सामरिक शास्त्र विभागात विचारा, नाही तर दिल्लीहून ऑनलाइन.
विषय इतका लहान करा की उत्तर चूक ठरू शकेल. 'सीमेवरचे १९९३ ते २०१३ चे पाच करार: २०२० नंतर त्यातलं काय उरलं?' १९९३, १९९६, २००५, २०१२, २०१३. पाचही मजकूर उपलब्ध आहेत, विद्यार्थ्यांना आधी वाटता येतात.

सहीशिक्का
+१. आणि साडेतीन तास असतील तर असं बसवा: प्रास्ताविक ५ मिनिटं (दीपप्रज्वलनासकट, हो), तिघांना प्रत्येकी २५, चहा २० मिनिटं, अध्यक्षाने वक्त्यांना एकमेकांविरुद्ध विचारायला ३०, श्रोत्यांचे प्रश्न ६०. उरलेली वीस मिनिटं उशिराची. ती लागतातच. आभारप्रदर्शन एका वाक्यात.

पेठेतला_पाहुणा
सत्कार, शाल, श्रीफळ?

सहीशिक्का
चहाच्या वेळेत, सभागृहाबाहेर.

घड्याळजी
तारीख: मार्चचा पहिला पंधरवडा टाळा. चीनची राजकीय सल्लागार परिषद ४ च्या आणि राष्ट्रीय लोकप्रतिनिधी सभा (तिथली संसद) ५ मार्चच्या आसपास सुरू होते, जे जे चिनी वाचतात ते सगळे तेव्हा वाहिन्यांवर आणि अहवालांत अडकलेले असतात. चिनी नववर्षाच्या आठवड्यात चीनमधून मेलला उत्तर येत नाही. एप्रिलमध्ये तुमच्या परीक्षा. राहता राहिला ऑगस्ट-सप्टेंबर.

निळीशाई
मग सप्टेंबर धरतो. गणपती कधी आहेत ते बघून तारीख टाकतो. पाच करारांचा विषय विभागात आजच मांडतो. पोस्टरवर ड्रॅगन हवाच असं एका सरांचं म्हणणं आहे, त्यांच्याशी कोण बोलेल?

गप्पीदास
ड्रॅगन राहू द्या. फक्त त्याच्यामागे नकाशा नको.